वायरीतली बाई

गुरम्माबाईंचं व्रत दिसायला साधं होतं. रोज दिवस उगवायच्या आत लिंगपूजेला बसायचं आणि पूजा चालू असताना नवऱ्याच्या तोंडून पोथीचा एक अध्याय ऐकायचा. अध्याय चालू असताना बोलायचं नाही. तो संपला की मग अन्न. एखाद्या दिवशी ऐकणं चुकलं तर दिवसभर नुसत्या पाण्यावर राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी तोच अध्याय पुन्हा धरायचा. पोथीचे अध्याय अठरा. अठरा दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून. भूकंपाच्या पुढच्या श्रावणात त्यांनी हे व्रत घेतलं, त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. "इतक्या वर्षांत एकदा खंड न्हाई माझा," हे गुरम्माबाईंचं वाक्य लातूरच्या त्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. त्या ते अगदी नम्रपणे म्हणत. पण म्हणत जरूर.

नवरा वाचणारा मिळाला हे त्यांचं नशीब. अण्णाराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून ते माईकवरून सांगायचे, "चाकूर, अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे," आणि ज्याचं नांदेडला काडीचं काम नाही तोसुद्धा पिशवी उचलून उभा राहायचा. असा तो आवाज. त्या आवाजात पोथी म्हणजे घरात झुंबर लावल्यासारखं होतं.

पुढं देवानं नेमका तोच घसा धरला. आवाज बसायला लागला तेव्हा अण्णारावांनी एक शहाणपणाचं काम केलं. रोजचा अध्याय वाचताना फोन समोर ठेवून ते तो भरून घ्यायला लागले. "गावाला-बिवाला जावं लागलं तर तुझा खंड नको," म्हणाले. अठरा दिवसांत अठरा अध्याय भरले. एकोणिसाव्या दिवशी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, जरा उशीर केलात. गुरम्माबाई पुढं सगळ्यांना सांगायच्या, "बगा, किती विचाराचा माणूस! आधी माझं व्रत बघितलं, मग आपला घसा."

अण्णाराव दवाखान्यात पडले तेव्हाच गुरम्माबाईंनी मठात जाऊन स्वामीजींना विचारून ठेवलं होतं, की मशीनमधला आवाज व्रताला चालतो का. स्वामीजींनी बराच वेळ डोळे मिटले. मग म्हणाले, "आवाज त्यांचा आहे, चालंल. पण तो त्यांच्या वस्तूतून आला पाहिजे. परक्या वस्तूतून आला तर परक्याच्या तोंडचा धरावा लागंल." अण्णारावांचा फोन ही अण्णारावांची वस्तू. प्रश्न मिटला. अण्णाराव गेले, तेरावा-चौदावा झाला, वर्षश्राद्ध झालं, आणि रोज पहाटे देवघरात ते अध्याय वाचत राहिले. गल्लीतल्या नव्या भाडेकरूंना बरेच दिवस वाटायचं की काका जिवंत आहेत, फक्त बाहेर पडत नाहीत.

आता गल्ली म्हणजे तरी काय, सगळं वसतिगृह झालेलं. हदगाव, बिलोली, रेणापूर, कुठून कुठून मुली डॉक्टर व्हायला येतात आणि एकेका खोलीत चार-चार राहतात. परीक्षा जवळ आली की वरातीचा बँड गल्लीच्या तोंडाशीच थांबतो आणि नवरदेव घोड्यावरून मुकाट्यानं, मयतीला चालल्यासारखा, पुढं जातो. शेजारच्या वसतिगृहाचे मालक श्रीमंतराव एक दिवस हात जोडून आले.

"काकू, पोथी चांगलीच हाय. पण पहाटंच अभ्यासाची येळ असते. पोरी म्हणतात, हाडांची नावं पाठ करायला बसलं की मधीच अध्याय पाठ व्हायलाय."

गुरम्माबाईंनी शब्द दिला. परीक्षा होईपर्यंत आवाज भिंतीपलीकडं जाणार नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या फोन दुपट्यात गुंडाळून, वर गोधडी टाकून, गोधडीला कान लावून ऐकायला लागल्या. चैत्राचा महिना. फोनला इतकं ऊबदार प्रेम सोसलं नाही. बाराव्या दिवशी, अध्याय संपला तसा, तो पोट फुगून मेला. दुरुस्तीवाल्यानं चिमट्यानं आतलं चिमूटभर कार्ड काढून दिलं. म्हणाला, "काकू, जीव वाचलाय. शरीर न्हाई वाचलं."

नांदेडहून मुलानं, वीरेशनं, त्याच दिवशीच्या गाडीनं नवा फोन पाठवला. तो वेगळ्या कंपनीचा होता. कार्ड त्यात घातलं, अध्याय जसेच्या तसे होते. पण वस्तू? फोन वीरेशनं घेतलेला, म्हणजे परका. स्वामीजींचा निकाल स्पष्ट होता. गुरम्माबाईंनी सगळं कपाट उलथं केलं तेव्हा दस्तीत, त्यांच्या हातरुमालात, गुंडाळलेली अण्णारावांची कानात घालायची वायर सापडली. जुन्या फोनबरोबर आलेली, मध्ये एक बटण असलेली, दवाखान्यात शेवटचे अकरा दिवस त्यांच्या कानात असलेली. आवाज या वायरीतून आला म्हणजे त्यांच्या वस्तूतून आला, आणि भिंतीपलीकडंही गेला नाही. श्रीमंतरावांचा शब्द राहिला, स्वामीजींचाही राहिला. गुरम्माबाईंना देवाची योजना डोळ्यांना दिसली. त्यांनी वायरीला भस्म लावून ती देवघरात ठेवली.

पहाटे लिंग तळहातावर घेतलं, बेल वाहिला, वायर फोनला लावली, खट्ट असा समाधानाचा आवाज झाला. अठरावा अध्याय लावला आणि डोळे मिटले.

अण्णाराव नव्हते.

होतं ते असं. दूरवर, विहिरीच्या तळातून यावी तशी कुकरची शिट्टी. भांड्यांची आदळआपट. आणि एक बाई. काय बोलते ते कळत नव्हतं, पण थांबत नव्हती. अध्याय संपला, दिवस उगवला, बाई बोलतच होती.

वायर काढून फोन नुसता लावला की अण्णाराव खणखणीत. वायर घातली की अण्णाराव गायब आणि बाई हजर. गुरम्माबाईंनी तीनदा करून पाहिलं. मग चुलीवर ठेवलेलं पाणी उतरवलं आणि एकतीस वर्षांतला पहिला उपास सुरू केला. शुगरची गोळी जेवणानंतर घ्यायची असते. जेवण नाही म्हणून गोळीही नाही.

शेजारच्या शिवकन्याबाई खिडकीतून सगळं पाहत असतात. ते त्यांचं व्रत. त्या लगेच आल्या.

"कंपनीची बाई असंल हो. फोन लागला न्हाई की बोलते की ती."

"ती एवढं बोलती का? अन् कुकर लावून?"

शिवकन्याबाईंनी वायरीचं एक टोक कानात घातलं. ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन सरकून गेलं, आणि त्यांनी पदरानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं.

"बाई तर लई हक्कानं बोलायलीय," त्या शेवटी म्हणाल्या. "नवऱ्याला बोलावं तसं. रागावू नका गुरम्माबाई, पण पोथी भरून घेताना त्यांच्याजवळ कोण होतं?"

"कोण असणार? पहाटंचं? मीच होते जवळ. हात जोडून बसलेली."

"मग मला काय मालूम न्हाई बाई," असं म्हणून शिवकन्याबाई घाईनं घरी गेल्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरातून खोकल्यासारखा आवाज बराच वेळ येत राहिला.

पण बी पेरलं गेलं. पस्तीस वर्षं स्टँडवर नोकरी केलेला माणूस. दिवसाला हजार बायका चौकशीच्या खिडकीशी येणार. गुरम्माबाईंनी कानशिलावर हात मारून घेतले, मनाला दटावलं, आणि अर्ध्या तासानं पुन्हा वायर कानात घालून त्या बाईचं वय किती असेल याचा अंदाज घ्यायला लागल्या.

दुपारी त्या बाजारात गेल्या. दुकानदाराला वाटलं, काकूंना नवीन घ्यायचंय. त्यानं कानावर वाट्यांसारखं बसणारं काहीतरी काढलं. "लेदर फिनिश हाय, काकू, एकदम मऊ." गुरम्माबाई तीन पावलं मागं सरकल्या. गळ्यात लिंग, आणि कानाला चामडं! तो म्हणाला, खरं चामडं नाही, नुसतं नाव आहे. त्या म्हणाल्या, नाव तरी कशाला घ्यायचं मग? त्यानं बिनवायरीच्या दोन बिया दाखवल्या. त्यांनी विचारलं, यात माझ्या मालकांचं काय आहे? दुकानदारानं बिया परत डबीत ठेवल्या. तो म्हणाला, "काकू, वायर एका कंपनीची, फोन एका कंपनीचा. नांदेडला दोघांचीबी सर्व्हिस सेंटरं हायत. तिथंच विचारा."

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बाईच बोलली. गुरम्माबाई नुसतं पाणी पिऊन सातच्या नांदेड गाडीत बसल्या. अहमदपूर येईस्तोवर डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. कंडक्टरनं ओळखलं. "कंट्रोलरसाहेबांच्या घरच्या ना तुम्ही?" आणि केळं पुढं केलं. त्यांनी केळ्याला नमस्कार केला आणि ते पिशवीत ठेवलं.

फोनच्या कंपनीत गारवा होता आणि टोकन होतं. त्रेचाळीस नंबर. दीड तासानं आत बोलावलं. गळ्यात पट्टा घातलेल्या माणसानं वायर दोन बोटांत धरून पाहिली.

"मावशी, ही आमची न्हाई."

"तुमची न्हाईच. माझ्या मालकांची हाय."

"तसं न्हाई. कंपनी दुसरी. पिन सारखी दिसते, आत तारांची जोडणी उलटी असते. आम्ही हात लावला तर आमची वॉरंटी जाते." तरी माणूस भला. त्यानं ऐकून पाहिलं. "आवाज येतोय की. बाई बोलतायत."

"ती कोण हाय?"

"आता ते मी कसं सांगू? पण कुणाला तरी रागावतायत. लई रागावतायत."

वायरीच्या कंपनीचं सेंटर दोन गल्ल्या पलीकडं होतं. तिथं टोकन नव्हतं, गारवाही नव्हता. खिडकीतला माणूस म्हणाला, हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला. तरी तक्रार लिहून घेतो. बिल? नाही. ज्यांच्या नावावर घेतलं त्यांना घेऊन या.

"ते वारले."

"मग मृत्यूचा दाखला लागंल."

त्याला वाटलं, इथं तरी ही बाई थांबेल. पण गुरम्माबाईंनी पिशवीतून केळं बाजूला सारलं आणि प्लास्टिकचं आवरण घातलेला दाखला काढून पुढं ठेवला. गेल्या दीड वर्षात बँक, पेन्शन, गॅस, वीज, सगळीकडं हाच कागद मागितला गेला होता. अण्णाराव होते तेव्हा त्या त्यांच्याबरोबर इतक्या ठिकाणी कधी फिरल्या नव्हत्या. खिडकीतल्या माणसानं दाखला वाचला, उलटा करून पाहिला, आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, खरं सांगू का? तक्रार लिहिली तरी उत्तर येणार न्हाई. घरी जा. काहीतरी खाऊन घ्या."

वीरेश कचेरीतून सुट्टी टाकून आला आणि आईला घरी घेऊन गेला. सून मंजुश्रीनं ताट वाढलं. ताट तसंच राहिलं. वीरेशनं वायर कानात घातली, ऐकलं, आणि खिडकीबाहेर पाहायला लागला.

"काय म्हणती ती?" गुरम्माबाई म्हणाल्या. "तू तरी सांग. तुझ्या बापाची काही भानगड होती का?"

"आई! काय बोलतीस!"

"मग ही कोण?"

मंजुश्रीनं वायर घेतली. "अय्या, आवाज तर ओळखीचा—"

"मंजू, पाणी आण," वीरेश म्हणाला. "आई, नवी वायर घेऊन देतो. दोनशेला मिळते. बाबा काही रागवणार न्हाईत. शुगर बघ तुझी."

"नवी परकी. खंड पडला दोन दिवसांचा. एकतीस वर्षं, वीरेश."

"बाबांनी कधी सांगितलं होतं, उपाशी मर म्हणून?"

यावर गुरम्माबाई उठल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं लातूरला परतल्या. नांदेडच्या स्टँडवर आता घोषणा यंत्र करतं. एक गुळगुळीत बाई सगळ्या गावांची नावं एकाच सुरात सांगते. ऐकून कुणी उठत नाही. गुरम्माबाईंना आता बायकांच्या आवाजाचाच वीट आला होता.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्या पूजेला बसल्या. लिंग तळहातावर स्थिर राहीना. त्यांनी ठरवलं होतं, आज आवाज पूर्ण वाढवायचा. ती बाई कोण ते एकदा कळू दे, मग पुढं मरायचं की जगायचं ते बघू. वायर कानात, डोळे मिटलेले. अठरावा अध्याय.

कुकर. भांडी. आणि मोठ्या आवाजात आता शब्दही.

"...दूध उतू गेलं बगा तुमच्या नादात. शिवकन्याबाई, ओ शिवकन्याबाई! कोथिंबीर कशी दिली त्यानं? एवढी? लुटायलेत नुसते..."

ही बाई गल्लीतलीच होती.

"...पुन्हा खाकरलात. पोथीत खाकरू नये हो. घसा बसलाय नुसता. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. दवाखाना काय पळून चाललाय? अध्याय पुरे करा आधी, मग जावा कुठं जायचं तिकडं. इतक्या वर्षांत एकदा खंड न्हाई माझा."

माणसाला आपला आवाज बाहेरून ओळखू येत नाही. पण हे वाक्य जगात दुसरी कुठली बाई म्हणत नव्हती.

बेलाचं पान खाली पडलं. गुरम्माबाई ते उचलायला विसरल्या. आपण हात जोडून जवळ बसलेलो होतो, हे त्यांना इतकं स्वच्छ आठवत होतं. आणि इथं त्या स्वयंपाकघरात होत्या, पाठमोऱ्या, आणि बोलत होत्या. याच दिवशी? अठराही दिवस? एकतीस वर्षं? शिवकन्याबाईंना पहिल्या झटक्यातच कळलं होतं. वीरेशलाही. मंजूलाही. फक्त जिचं व्रत होतं तिलाच ठाऊक नव्हतं.

काय करावं हे कळेना तेव्हा माणसाची बोटं सवयीचं काम करतात. उजव्या हातात जपमाळ असायची; आज वायर होती. अंगठा मण्यासारखा वायरीवरून सरकत गेला आणि बटणावर येऊन दाबला गेला.

आणि अण्णाराव आले.

असे आले, जसे कुणी दार उघडावं आणि आत दिवा असावा. घसा चिरलेला, पण आवाज तोच. अंगठा उचलला, अण्णाराव गेले, बाई आली. दाबला, अण्णाराव. तारा उलट्या पडल्या की समोरचा आवाज गळतो आणि मागचा तेवढा उरतो, बटण दाबलं की दोन्ही एकत्र येतात, असं पुढं वीरेशनं फोनवर समजावून सांगितलं. त्या वेळी गुरम्माबाईंना कारणाची गरज नव्हती. त्यांनी अध्याय मागं नेला आणि अंगठा दाबून धरला.

दीड वर्ष त्यांनी हा अध्याय ऐकला होता. या जागी अण्णाराव खोकतात आणि थोडा वेळ थांबतात, हेही त्यांना माहीत होतं. पान उलटत असतील, असं त्यांना वाटायचं. आता कळलं, ते पान उलटत नव्हते. बायकोचं बोलणं संपायची वाट पाहत होते. मग एक श्वास, आणि अगदी हळू, पोथीत नसलेला एक शब्द.

"हाव."

एवढंच. 'हो' म्हणायची त्यांची रीत. आणि पुढची ओवी सुरू.

अंगठा दुखायला लागला, मग बधिर झाला. पाठीमागं खिडकी उघडल्याचा आवाज कानात वायर असूनही कळला. "गुरम्माबाई!" शिवकन्याबाईंची हाक आली. "ओ गुरम्माबाई! चहा टाकू का?" गुरम्माबाईंचं तोंड उघडलं. एकतीस वर्षांच्या सवयीनं उघडलं, जीभ टाळूला लागली, 'टाका की' ओठांशी आलं. त्यांनी ते गिळलं.

ओव्या संपल्या. फलश्रुती झाली. अण्णारावांनी पोथी मिटल्याचा आवाज आला, आणि मग फोन बंद करायच्या आधी ते खोकले, बराच वेळ, एकटेच. तेही त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग अंगठा उचलला. बटणाचा गोल ठसा अंगठ्यावर खोल उमटला होता.

उजाडलं होतं. वसतिगृहाच्या मुली ओळीनं शिकवणीला निघाल्या होत्या. गुरम्माबाई भिंत धरून उठल्या आणि खिडकीशी गेल्या. शिवकन्याबाई तिथंच उभ्या होत्या, चहाचं पातेलं चिमट्यात धरून, आणि आज त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं.

"आजबी आली होती का हो ती बाई?"

"आली होती," गुरम्माबाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदा गप्प बसली."

मग त्या आत गेल्या. पिशवीतलं केळं काळं पडलं होतं. त्यांनी ते सोललं आणि उभ्यानंच, एक शब्दही न बोलता, खाल्लं.